कातडीला कातडी

माझा बाप कारंज्याच्या धान्यबाजारात हमाल होता. सोयाबीन, तूर, हरभरा, मोसमात जे येईल ते पाठीवर घ्यायचं आणि अडत्याच्या ओट्यावरून ट्रकमध्ये नेऊन टाकायचं. सुट्टीला एसटीनं घरी यायचा तेव्हा मानेवर सुतळीचे वळ असायचे आणि अंगाला भुशाचा वास. आमच्या वस्तीत शेत असलेली घरं थोडी. बाकीची आमच्यासारखी, दुसऱ्याच्या बांधावर जगणारी. आई कापूस वेचायला जायची. धाकट्या भावाला बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून तीत टाकायची आणि झोळीची दोरी ओढायला मी. शाळेत माझं नाव होतं, पण वेचणीच्या हंगामात मी बहुतेक त्या दोरीलाच असायचे.

एका वर्षी बापाच्या पाठीनं दगा दिला. पोत्यांच्या थप्पीवरून उतरताना पाय निसटला आणि तो घरी येऊन पडला. सगळं घर आईच्या एकटीच्या मजुरीवर. ज्वारीची भाकर, तिखट, आणि असेल त्या दिवशी वरून तेल. कोणाच्या घरी लग्न असलं की आम्ही भावंडं सकाळपासून उपाशी राहायचो, दुपारी पोटभर बसता यावं म्हणून.

हे रडगाणं नाही. असे दिवस काढलेली माणसं आमच्या भागात पावलापावलावर भेटतील. मला सांगायचं आहे ते दुसरंच. ज्या माणसानं जन्मभर लोकांची पोती उचलली, त्यानं आम्हा भावंडांपैकी एकालाही तान्हेपणी उचललेलं मला आठवत नाही. माणूस वाईट नव्हता. आमच्यावर कधी हात उगारला नाही. पण तान्हं लेकरू बाईचं, त्याला बाप्यानं हात लावायचा नाही, अशी रीत. पाठ मोडून घरी पडला होता त्या वर्षीही भाऊ रडायला लागला की तो मला हाक मारायचा, मी हापशीवर पाणी भरायला गेलेली असले तरी. हा तिथंच, हात रिकामे, आणि लेकरू झोळीत ओरडतंय. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आमच्या वस्तीतली मी पहिली पदवीधर. बी.एस्सी. नर्सिंग. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. ज्यांच्या घरात आज्यापासून डिग्र्या आहेत त्यांनी नाही सांगितलं तरी चालतं, आमचं तसं नाही. मी कॉलेजला निघाले तेव्हा बापाचा चुलतभाऊ दारात येऊन म्हणाला होता, "लोकाईचं हगलं-मुतलं काढाले इतकं शिकवून राह्यले काय पोरीले?"

आई भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी पडसान ना भासरे, तवा तुमचंबी काढीन थे. काळजी नोका करू."

नोकरी लागली ती आसेगावच्या बाजूच्या एका उपकेंद्रात. हुद्दा लांबलचक आहे, समुदाय आरोग्य अधिकारी. लोक नुसतं मॅडम म्हणतात. माझ्यासोबत दोघी. एक आरोग्यसेविका, याच कामात केस पांढरे झालेल्या. त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे. दुसरी उपकेंद्राखालच्या एका वस्तीवरची आशाताई, माझ्याहून थोडी मोठी, दहावी झालेली आणि जिभेला धार असलेली.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आम्हाला वाशीमला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय कमी वजनाची बाळं. पडद्यावर चित्र होतं. एक बाई आरामखुर्चीत टेकून बसलेली आणि तिच्या उघड्या छातीवर बाळ. बाळाच्या डोक्यात टोपी, पायात मोजे, कमरेला लंगोट, बाकी दोघांच्या मध्ये सुताचा धागासुद्धा नाही. मी हात वर केला.

"सर, काहून पण? आमच्याकडे बाळाला तीन-तीन दुपट्यांत गुंडाळतात, बाजेखाली शेगडी ठेवतात. ऊब तर तीपण आहे. मग कातडीच कशाला पाहिजे?"

शेजारून मोठ्या सिस्टर कुजबुजल्या, "बस ना वं पोरी खाली. चहा यायचा टाइम झाला."

शिकवणारे बालरोगाचे डॉक्टर होते. त्यांना प्रश्न आवडला असावा, कारण ते पडद्यापासून उठून आमच्या बाकांपर्यंत आले. "दुपटं ऊब देत नाही," ते म्हणाले. "असलेली ऊब फक्त धरून ठेवतं. एवढ्याशा बाळाजवळ धरून ठेवायला ऊबच नसते. शेगडी एका अंगानं भाजते आणि वर धूर देते. माणसाचं अंग मात्र जेवढी पाहिजे तेवढीच ऊब देतं. बाळाची सगळी ताकद स्वतःला तापवण्यातच गेली, तर वाढायला काय उरलं?"

ही पद्धत निघाली तीच मुळी अशा दवाखान्यात, जिथं बाळांना ठेवायला काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, असं त्यांनी सांगितलं. पुढं देशोदेशी, आपल्या देशातसुद्धा, काही बाळांना असं अंगाशी धरून आणि काहींना नेहमीसारखं ठेवून नीट पाहिलं गेलं. अंगाशी धरलेली जास्त जगली. मी विचारलं, आईनंच धरलं पाहिजे का? ते म्हणाले, "आई पहिली. ती थकली तर बाप, आजी, आजोबा, घरातलं कोणतंही निरोगी माणूस. कातडीला नातं विचारायची गरज पडत नाही."

सगळा हॉल हसला. "बापे लोकं? उघडे बसतीन लेकरू घेऊन?" कोणीतरी मागून म्हणालं आणि पुन्हा हसू. मी हसले नाही. मला तर त्या एका वाक्यासाठीच वाशीमला आल्यासारखं वाटलं.

आमच्या कामात संशोधन हा शब्द आला की निम्म्या जणी पेंगतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. वरून कागद येतो, त्यावर काय करा ते असतं, काहून करा ते नसतं. पण संशोधन म्हणजे तरी काय? कोणीतरी आपल्याआधी काहून विचारलं, आणि पुष्कळ लेकरांकडे नीट पाहून पुराव्यासकट उत्तर काढलं. ते उत्तर शहरातल्या काचेच्या दवाखान्यापुरतं आणि वस्तीवरच्या टिनाच्या घरात फक्त "सांगा आणि या" एवढंच, हे मी मान्य करणार नव्हते. आमच्याकडच्या लेकरांची कातडी काही वेगळी नाही.

थंडी चांगली पडली आणि ती पोरगी आली. आशाताईच्याच वस्तीवरची. दिवस पुरायच्या आधीच जन्मलेली. जिल्ह्याच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात राहून, जरा सावरून घरी सोडलेली. वजन अजून दोन किलोला टेकलं नव्हतं. आईचं सिझर झालेलं, टाक्यांत पू झालेला, गोळ्या चालू. बाप पुण्याकडं बांधकामावर. घरात आजी, आजोबा आणि या दोघी. आशाताईचा सकाळी फोन आला, "मॅडम, पोट्टी दूध ओढते अन् लवकर थकते. येऊन पाहा बरं एकदा."

मी आणि मोठ्या सिस्टर दोघी गेलो. दवाखान्यातून निघताना बाळाला छातीशी धरायला सांगितलंय ना, असं मी आत शिरताच बाळाच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "हो, धरतो ना. हे पाहा." आणि तिनं धरून दाखवलं. ब्लाऊज, त्यावर साडीचा पदर, पदरावर दुपटं, दुपट्यात स्वेटर, आणि त्याच्या आत कुठंतरी पोरगी. तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं. छातीशी धरा म्हटलं, तिनं धरलं. जगातली कोणती आई लेकरू छातीशी धरत नाही? उघडं लेकरू उघड्या अंगाला लावायचं हे आमच्याकडं कोणाच्या मनातच येत नाही. उलट बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून कानाला फडकं बांधून दारं-खिडक्या लावतात.

मी दुपटं सोडून पोरीच्या पोटाला हात लावला. कोमट. तळव्याला लावला. गार, नदीतल्या गोट्यासारखा. बाजेखाली शेगडी फुललेली होती, आमचे डोळे झोंबत होते आणि लेकराचे पाय गार. मी काखेत थर्मामीटर लावलं, वाटी-चमच्यानं दूध पाजून पाहिलं, श्वास पाहिला आणि वाशीमच्या त्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दूध घेते आहे तोवर लगेच कातडीला लावा, दिवसभर, जितकं जास्त तितकं चांगलं. दूध घेणं सोडलं, सुस्त पडली किंवा अंग गार पडलं तर वाट पाहू नका, गाडी बोलवा.

आईचं ब्लाऊज सोडून पोरीला तिच्या छातीवर ठेवलं. थोडा वेळ छान गेला. मग टाके ओढायला लागले आणि तिचं तोंड पांढरं पडलं. बसवेना, टेकवेना. आजी तयार होती, पण आजीला महिनाभराचा खोकला. तिचा बेडका मीच तपासायला पाठवला होता आणि निकाल यायचा होता, त्यामुळे तिला बाळ छातीवर धरून बसू देता येत नव्हतं. आशाताईनं माझ्याकडं पाहिलं. मी बाहेर पाहिलं. ओसरीत आजोबा बिडी ओढत बसले होते.

मोठ्या सिस्टरांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी मला हाताला धरून अंगणात आणलं.

"असं काही मनात आणू नको," त्या म्हणाल्या. "सासरा हाय तो. बाळंतिणीच्या खोलीत त्याचं पाऊल नाई पडत. सून त्याच्यासमोर डोईवरचा पदर ढळू देत नाई अन् तू त्याले उघडा करून लेकरू बांधून राह्यली."

"डॉक्टर म्हणाले ना सिस्टर, कोणीही निरोगी माणूस."

"डॉक्टर वाशीमात हाय. मी इथं हाओ. उद्या पोरीले काही झालं तं गाव काय म्हणीन? मॅडमनं बुढ्याच्या अंगावर टाकून मारली. मंग या घराचं दार बंद. बाजूच्या घराचंबी. आशाले लसीकरणालेबी कोणी आत येऊ देणार नाई. म्या पाह्यलं हाय असं होताना. दार बंद झालं की तुया पुरावा बाहेरच राह्यते."

त्यांचं चुकीचं नव्हतं. पण मी म्हटलं, "अन् नाही बांधलं अन् पोरगी गेली, तर? तेव्हा गाव म्हणेल देवाची मर्जी. आपल्याला कोणी काही म्हणणार नाही. पण मला माहीत असेल ना."

त्या माझा हात सोडून आत गेल्या. थांब असं म्हणाल्या नाहीत.

आजोबांशी बोलणं आशाताईनं सुरू केलं. तिच्या माहेरच्या नात्यातले होते ते, त्यामुळे तिला मोकळीक होती.

"आबाजी, बिडी टाका अन् आंघोळ करून या."

"काहून? कोण मेलं?"

"कोणी मरू नये म्हणून. नातीले छातीवर घ्यायचं हाय तुमाले. सदरा काढून."

आजोबांनी बिडी ओठातून काढली. "मी बाई हाओ काय?"

"मागल्या हिवाळ्यात बकरीचं पिल्लू घोंगडीत घेऊन झोपले होते का नाई? पोटाशी लावून? तवा बाई झाले होते काय?"

"थे पिल्लू होतं. आईनं सोडून देल्लं होतं त्याले."

"इच्या आईनं सोडलं नाई, पण तिले बसताच येऊन नाई राह्यलं. पिल्लासाठी जे केलं थे नातीसाठी कराले लाज कायची?"

आजोबा माझ्याकडं वळले. शिकलेली बाई आपली सोडवणूक करेल असं त्यांना वाटलं असावं. मी पोरीला दुपट्यासकट ओसरीत आणलं, त्यांच्यासमोर खाली बसले आणि तिचा पाय मोकळा केला. "हात लावून पाहा आबाजी. आधी हिच्या तळव्याला. मग स्वतःच्या पोटाला."

त्यांनी बोट लावलं. मग बंडीत हात घालून स्वतःच्या पोटाला लावला. पुन्हा पोरीच्या पायाला. बराच वेळ त्यांनी बोट काढलं नाही.

"बिडीचं काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बंद."

"मंग जीवच घ्या माया," असं म्हणून ते न्हाणीकडं गेले. आत आजीनं बंब पेटवायला घेतला तेव्हा तिला खोकल्याबरोबर हसूही येत होतं.

पुस्तकात जे नव्हतं ते आता आम्हाला शोधायचं होतं. चित्रातली बाई आरामखुर्चीत होती, आमच्याकडं सैल पडलेली बाज. तिची दावणीची दोरी आशाताईनं आवळून घेतली, भिंतीला तुरीच्या तुराट्यांची पेंढी लावून त्यावर गोधडी टाकली आणि आजोबांना ओसरीत टेकून बसवलं. बाळ बांधायला दवाखान्यात खास कापडी पिशवी होती, आमच्याकडं कापूस वेचताना बायका बांधतात ती ओटी. ती उलटी करून खांद्यावरून घेतली आणि पाठीमागं गाठ मारली. पोरगी आजोबांच्या छातीवर बेडकासारखी बसली, गाल त्यांच्या पांढऱ्या केसांवर. वरून घोंगडी. शेगडी मी उचलून अंगणात नेऊन ठेवली.

आत खोलीच्या दाराला चादर लावली. चादरीच्या अलीकडं आजोबा, पलीकडं सून. ती पाजायला मागायची, आशाताई किंवा आजी तोंडाला फडकं बांधून पोरीला चादरीखालून आत द्यायची, पाजून झालं की पुन्हा बाहेर. सासऱ्यानं सुनेकडं पाहिलं नाही, सुनेनं सासऱ्याकडं पाहिलं नाही, आणि रीत जिथल्या तिथं राहिली. मला रीत मोडायची हौस नव्हती. मला लेकरू जगवायचं होतं. रीत आडवी आली असती तर मोडलीही असती, पण सध्या चादरीनं भागत होतं.

दुपारपर्यंत गोष्ट वस्तीभर झाली. समोरच्या घरचा एक जण मुद्दाम रस्त्यावरून दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा थांबला.

"काय आबाजी, बाळंत झाले काय?"

"हो," आजोबा टेकल्या जागेवरून म्हणाले. "डिंकाचे लाडू घेऊन ये. अन् जोरात बोलू नोको, पोट्टी झोपली हाय."

संध्याकाळी निघायच्या आधी मी घोंगडीत हात घालून तळवे पाहिले. ऊनऊन होते.

इथं ही गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पुढच्या खेपेला वजन केलं तर वाढलेलंच नव्हतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या नाहीत की बघ, मी सांगितलं होतं. पण काट्याकडं पाहून त्यांनी जो उसासा टाकला तो मला पुरला. मी घाबरले. रस्त्यानं परत येताना सारखं वाटत होतं, त्या हॉलमधली सगळी माणसं हसली ती उगीच हसली नव्हती.

पण घाबरून पुरावा टाकून द्यायचा नसतो. आधी पाहायचं असतं की आपण सांगितलं तसं खरंच होतंय का. मी आशाताईला म्हटलं, दिवसा केव्हाही न सांगता जाऊन पाहत जा. दुसऱ्याच दिवशी तिनं कारण शोधलं. पाहुणे. पोरगी जगली म्हणून माहेरची, सासरची, ओळखीची बाई-माणसं पाहायला येत होती. हातात झबलं, टोपडं, कोणी काळ्या मण्यांची वाळी. पाहुणी अंगणात दिसली की आजोबा शरमून गाठ सोडायचे, आजी तोंडाचं फडकं सावरत पोरीला नवं झबलं घालायची, काजळ-तीट लावून दुपट्यात मांडायची आणि सगळ्या जणी तिला हातोहात घ्यायच्या. एक जाऊन दुसरी यायची. दिवसातला किती वेळ पोरगी अंगावर आणि किती वेळ पाहुण्यांच्या मांडीवर, याचा आम्ही विचारच केला नव्हता. दुष्टपणा कोणाचाच नव्हता. आमच्याकडं बाळ पाहायला येणाऱ्याला बाळ नटवून हातात दिलं नाही तर तो अपमान समजतात.

आता पाहुण्यांना कोण अडवणार? मी अडवलं तर म्हणतील, शिकली तर माणुसकी विसरली. आजीनं अडवलं तर तिच्या माहेरी बोभाटा. तेव्हा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मी येतो सकाळी."

त्या आल्या. ओसरीत आजोबांच्या बाजेशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि पहिली पाहुणी उंबऱ्याशी येताच म्हणाल्या, "बाई, सोवर हाय अजून. शिवता येत नाई."

"सोवर तं पाचवीले फिटलं ना?"

"दिवस भरायच्या आधी आली थे पोट्टी. तिचे दिवस भरेपर्यंत सोवर. तिले अन् आबाजीले, दोघायलेबी. दुरून टोपी पाहा, तोंडभरून आशीर्वाद द्या अन् झबलं आशाजवळ ठेवून जा."

पाहुणीनं आजोबांकडं पाहिलं. आजोबांनी डोळे मिटून घेतले, जणू त्यांना खरंच सोवर होतं. बाईनं दुरून हात जोडले आणि गेली. अपमान वगैरे काही झाला नाही, कारण सोवर, म्हणजे बाळंतपणाचं सोयर, पाळणं तिला ठाऊक होतं. मी आयुष्यभर या शिवाशिवीचा राग केला आहे, पुढंही करीन. पण त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी ती उचलून त्या लेकराच्या दारात राखणीला बसवली, हेही मी पाहिलं. वाशीमच्या हॉलमध्ये ते कोणी शिकवलं नसतं. त्यांना येत होतं.

त्यानंतर पोरगी दिवसाचा बहुतेक वेळ अंगावर राहू लागली, थोडा आईच्या आणि बाकी आजोबांच्या. आईचे टाके सुकू लागले तसा आईचा वेळ वाढला. आजीच्या खोकल्याचा निकाल चांगला आला. खोकला पुरता थांबला आणि तिनंही आपली पाळी मागून घेतली. आजोबांनी आपली पाळी सोडली नाही. एकदा मी गेले तेव्हा चादरीपलीकडून सून म्हणत होती, "मामंजी, द्या आता तिले, भूक लागली असंन." आणि अलीकडून सासरा म्हणत होता, "लागली नाई अजून. मले समजते." दोघं एकमेकांशी थेट बोलताना आशाताईनंही पहिल्यांदाच ऐकलं होतं. आम्ही दोघी अंगणात उभ्या राहिलो, आत गेलो नाही. त्या खेपेला वजन केलं तेव्हा काटा पुढं सरकला, आणि नंतर प्रत्येक खेपेला सरकत गेला.

पुढं वाशीमला आढावा बैठक होती. कमी वजनाच्या बाळांचा विषय आला तेव्हा मी उठून सगळं सांगितलं. आजोबा, ओटी, चादर, सोवर, सगळं. समोरचे साहेब भले होते, पण घाईत होते.

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण पुरुषांचं यात घालू नका. आपण मातांना प्रशिक्षण देतो. तुमची केस अपवाद होती."

"साहेब, अपवाद काय होतं त्यात?" मी म्हटलं. "आई आजारी असणं आमच्याकडं अपवाद नाही. बाप गावाला जाणं अपवाद नाही. घरात एकच धडधाकट माणूस असणं आणि ते पुरुष असणं, हेही नाही. पुराव्यात कोणीही निरोगी माणूस चालतं. आपणच त्यातून पुरुष गाळला, आणि गाळताना कोणाला विचारलं नाही."

खाली बसावं की उभं राहावं मला कळेना, तर मी उभीच राहिले. मग केनवडकडची एक सेविका बसल्या जागेवरून म्हणाली, "आमच्याकडंबी एका काकानं धरलं होतं, साहेब. म्या सांगितलं नाई, तुमी रागवसान म्हणून." तिच्या मागून आणखी एक बोलली. एका घरात मोठ्या दिरानं धरलं होतं. आणखी एक. ज्या हॉलमध्ये बापे लोकांवर हसू फुटलं होतं, तिथल्या कितीतरी जणी आपापल्या वस्तीवर हेच करून गप्प बसल्या होत्या. आम्ही पुरावा वापरत होतो आणि चोरी केल्यासारखा लपवत होतो. मला त्याचीच जास्त चीड आली, आणि ती मी तिथंच बोलून दाखवली. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, बरं, एकेकीनं सांगा.

त्या दिवशी चहा उशिरा आला. मोठ्या सिस्टरांनी मागितला नाही.

ती पोरगी जगली. आता अंगणवाडीत जाते आणि तिचं वजन तिच्या वयाला बरोबर आहे. आमच्या उपकेंद्राच्या गावांत कमी वजनाचं लेकरू घरी आलं की आईसोबत घरातल्या एका पुरुषालाही त्याला कातडीला कातडी लावून धरायला शिकवलं जातं. जिल्ह्याच्या प्रशिक्षणातही आता ते शिकवतात, आणि तो भाग मी शिकवते.